परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखाली बॉक्सिंग नव्याने शिकताना: आधी अंतर समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वीस वर्षांचे, ६० किलो वजनगटात खेळणारे बॉक्सर आहेत. लहानपणी ते कोल्हापुरातील एका तालमीत माती खेळले, पुढे एका स्थानिक सरांच्या हाताखाली बॉक्सिंग शिकले आणि जिल्हा व विभागीय स्पर्धांत पदके मिळवत राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचले. अलीकडे ते शहरातील एका नव्या जिममध्ये दाखल झाले असून तेथील मुख्य प्रशिक्षक उझबेकिस्तानातून आलेले आहेत. या प्रशिक्षकांनी त्यांचा पवित्रा बदलला, बॅगवर ताकद काढणे बंद करायला लावले, त्यांच्यासाठी पॅड (ठोसे झेलायला प्रशिक्षक हातांत धरतात त्या गाद्या) जवळजवळ धरलेच नाहीत आणि रोज जोडीदारासमोर उभे करून नुसते खांद्याला हात लावण्याचे सराव करून घेतले. प्रशिक्षक फार बोलत नाहीत, कौतुक तर करतच नाहीत. परिणाम असा की, ज्या मुलांना हे पूर्वी सहज हरवत असत त्यांच्याकडून आता स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) मार बसतो आहे. जुने सर दुखावले आहेत, आणि चांगले चाललेले सोडून हे कशाला, असे घरचे विचारत आहेत. परत जावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, एवढ्यात परत जाऊ नका. मात्र नव्या प्रशिक्षकांच्या सूचना एकेक सुट्या घेऊन पाळण्याचा जो प्रयत्न तुम्ही करत आहात, तोही थांबवा. पवित्रा, हात, पाय, पॅड, स्पॅरिंग अशा तुमच्या ज्या पाच-सहा तक्रारी आहेत त्या वेगवेगळ्या नाहीत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अंतर. जुन्या सरांनी तुम्हाला ज्या अंतरावर उभे राहून लढायला शिकवले, त्यापेक्षा साधारण अर्ध्या पावलाने लांब उभे राहून लढायला हे प्रशिक्षक शिकवत आहेत. अंतर अर्ध्या पावलाने बदलले की, पायांवरचा भार, डोक्याची जागा, हातांची उंची, कोणता ठोसा आधी सुटायचा आणि ठोसा मारून झाल्यावर कोठे जायचे, हे सगळेच बदलते. हे ध्यानात न घेता एकेक सूचना पाळली, तर जुन्या अंतरावर उभे राहून नव्या अंतराचे हात-पाय हलवले जातात, आणि मार बसतो तो नेमका तेथेच.

बॉक्सिंगमध्ये ढोबळमानाने तीन अंतरे मानली जातात. पहिल्या अंतरावर समोरच्याला तुमच्यापर्यंत पोहोचायला पाऊल पुढे टाकावेच लागते. दुसऱ्यावर दोघांचेही सरळ ठोसे जागेवरून पोहोचतात. तिसऱ्या अंतरावर कोपर वाकलेले असते आणि हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) व अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) चालतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचे शिक्षण तिसऱ्या अंतरावर होते, आणि त्याला कारणे आहेत. शहरातल्या किती जागी पूर्ण मापाची रिंग आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दोरांच्या आत ६.१० मीटर लांब-रुंद जागा असेल तर पाय फिरवण्याला अर्थ आहे. पण एखाद्या सभागृहाच्या निम्म्या भागात चार बॅगा टांगलेल्या आणि पंधरा-वीस मुले दाटीवाटीने उभी असतील, तर प्रशिक्षकाने लांबून लढायला शिकवायचे कोठे? शिवाय मुले येतात ती तालमीतून. त्यांचे खांदे, मान, कंबर तयार असते. गार्ड (बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेले हात) घट्ट बांधायचा, घुसायचे, बरगडीवर हुक मारायचे आणि समोरच्याला दोरावर दाबून ठेवायचे, ही पद्धत अशा मुलांना लवकर फळ देते. तुमच्या जुन्या सरांनी हाती असलेल्या जागेचा, वेळेचा आणि तुमच्या शरीराचा योग्य हिशोब करून तुम्हाला घडवले. त्यांनी शिकवलेले चुकीचे ठरले, असे मनात आणू नका.

अडचण पुढच्या पातळीवर येते. पुरुषांच्या वरिष्ठ गटात २०१३ पासून हेडगार्डशिवाय, म्हणजे डोक्याच्या संरक्षक कवचाशिवाय, लढावे लागते. डोके पुढे घालून आत शिरणाऱ्या बॉक्सरला यात दुहेरी धोका असतो: सरळ ठोशात तो स्वतः चालत जातो, आणि कपाळावर कपाळ आदळून भुवई फुटण्याची शक्यता वाढते. गुणदानाचेही तसेच आहे. आज पाच पंच प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला फेरी किती एकतर्फी झाली त्याप्रमाणे ९, ८ किंवा त्याहून कमी गुण देतात. ते पाहतात ते लक्ष्यावर स्वच्छ लागलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या, तंत्र आणि डावपेचांतील वरचढपणा, आणि लढण्याची जिद्द. दोन शरीरे एकमेकांना चिकटलेली असताना बरगडीवर बसलेला तुमचा हुक कितीही जोरदार असला, तरी विरुद्ध बाजूला बसलेल्या पंचाला तो दिसतोच असे नाही. लांबून सुटलेला सरळ ठोसा, ज्याने समोरच्याची मान मागे गेली, तो चारही बाजूंनी दिसतो. तुमचे नवे प्रशिक्षक हे सगळे गृहीत धरून शिकवत आहेत. ते शब्दांत सांगत नाहीत, एवढेच.

ते ज्या परंपरेतून आले आहेत तिचीही थोडी ओळख असावी. उझबेकिस्तान १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाचा भाग होता आणि तेथील बॉक्सिंगची बैठक सोव्हिएत पद्धतीची आहे. क्यूबाची सुप्रसिद्ध बॉक्सिंग परंपराही याच पद्धतीशी नाते सांगते. सोव्हिएत प्रशिक्षक आंद्रेई चेर्वोनेन्को यांनी क्यूबाचे प्रशिक्षक अल्सिदेस सागारा यांच्याबरोबर तेथे काम केले आणि त्या शाळेतून तेओफिलो स्टीव्हन्सन यांच्यासारखा १९७२, १९७६ आणि १९८० अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा बॉक्सर घडला. उझबेकिस्तानने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सात वजनगटांपैकी पाच गटांत सुवर्णपदके जिंकली. भारतालाही ही शिकवण परकी नाही. क्यूबाचे बी. आय. फर्नांडिस यांनी आपल्या राष्ट्रीय शिबिरांत वर्षानुवर्षे काम केले आणि २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले.

कोल्हापूरकरांनी तर बाहेरच्या उस्तादांचे भय बाळगण्याचे कारणच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबकडच्या पैलवानांना येथे बोलावून आश्रय दिला, त्यांचे डाव येथल्या मातीत रुजले, आणि आज ते आपलेच म्हणून शिकवले जातात. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकांचे मार्गदर्शन घेऊन ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन परतले. मातीतले जे उपयोगी होते ते त्यांनी टाकले नाही, आणि मॅटला जे हवे होते ते शिकायला कमीपणाही मानला नाही.

आता तुमच्या शरीराकडे वळू, कारण खरी लढाई तेथे आहे. तालमीत घडलेला मुलगा उभा राहतो तेव्हा त्याचे दोन्ही खांदे समोरच्याकडे सारखेच उघडे असतात, गुडघे खोल वाकलेले, कंबर खाली, डोके पुढे आणि हात समोरच्याला धरण्याच्या तयारीत. कुस्तीत पट काढायला (समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला) आणि पट वाचवायला हे योग्यच आहे. बॉक्सिंगमध्ये मात्र या पवित्र्यात हनुवटी सगळ्यात आधी ठोशाच्या टप्प्यात येते. तुमचे प्रशिक्षक तुम्हाला किंचित बाजूने उभे करतात, भार मागच्या पायाकडे सरकवतात, टाच हलकी ठेवायला सांगतात आणि सारखे पुढे-मागे डोलायला लावतात, ते याचसाठी. त्या पुढे-मागे डोलण्यात तुमचा टप्पा सतत बदलत राहतो आणि समोरच्याला तुम्ही नक्की केव्हा सुटणार ते कळत नाही. तुम्ही लिहिले आहे की, हे डोलणे तुम्हाला निरर्थक नाचण्यासारखे वाटते. काही आठवडे तसे वाटेलच, कारण पोटऱ्या दुखतात आणि ठोशात जोर येत नाही. जोर येत नाही याचे कारण असे की, जोर काढण्यासाठी तुम्ही आजवर जमिनीत पाय रोवत होता. आता तो मागच्या पायाच्या धक्क्यातून आणि कमरेच्या फिरण्यातून, चालता चालता काढायचा आहे. ही सवय बसल्यावर जोर परत येतो.

खांद्याला हात लावण्याच्या ज्या सरावाचा तुम्हाला कंटाळा आला आहे, तो जरा बारकाईने पाहू. दोघे समोरासमोर उभे असतात. एकाने पुढच्या हाताच्या उघड्या तळव्याने दुसऱ्याच्या पुढच्या खांद्याला स्पर्श करायचा आणि दुसऱ्याने हाताने न अडवता केवळ पावलांनी निसटायचे. नवा मुलगा काय करतो ते मी अनेकदा पाहिले आहे. स्पर्श बोटभर कमी पडतो, म्हणून तो पुढचा पाय फूटभर पुढे टाकतो. मागचा पाय मात्र जागीच राहतो, कारण मातीत मागचा पाय रेटा द्यायला रोवायचा असतो. पवित्रा लांबट होतो, नाक पुढच्या गुडघ्याच्याही पलीकडे जाते, हात जोडीदाराच्या खांद्याला लागतो आणि मुलाला वाटते की जमले. पण त्याच क्षणी जोडीदार अर्धे पाऊल मागे घेऊन उलट त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि आपल्या मुलाला मागे येता येत नाही, कारण मागचा पाय फार लांब राहिलेला असतो. प्रशिक्षक नुसती मान हलवतात आणि "पुन्हा" म्हणतात. त्यांना हवे असते ते असे: पुढचा पाय जितका सरकला तितकाच मागचा पाय सरकला पाहिजे, स्पर्श होताना डोके दोन्ही पायांच्या मध्ये राहिले पाहिजे, आणि स्पर्श झाल्याबरोबर तुम्ही समोरच्याच्या टप्प्याबाहेर असले पाहिजे. तळव्याच्या जागी ग्लोव्ह आला की हाच तुमचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, होतो.

हा सराव करताना तीन फेऱ्यांपैकी एका फेरीत स्पर्श किती झाले हे मोजूच नका. फक्त मागचा पाय वेळेवर आला की नाही, एवढेच पाहा. मोबाइल भिंतीला टेकवून, प्रशिक्षकांची परवानगी घेऊन, बाजूने चित्रीकरण करा. समोरून केलेल्या चित्रीकरणात अंतर दिसत नाही. घरी अंगणात किंवा गच्चीवर खडूने दोन रेघा ओढून पुढचा आणि मागचा पाय सारखा सरकतो का, ते रोज थोडा वेळ तपासता येईल. याला ना जोडीदार लागतो, ना साधने.

स्पॅरिंगमध्ये मार बसतो आहे, याबद्दल तुम्ही फार मनाला लावून घेतले आहे असे दिसते. एक पक्की बसलेली हालचाल मोडून दुसरी बसवताना मधला काही काळ दोन्ही अर्धवट असतात, आणि त्या काळात माणूस आधीपेक्षा वाईट खेळतो. डोळ्याला ठोसा दिसतो, जुनी सवय डोके खाली घालायला सांगते, नवी सवय मागे सरकायला सांगते, आणि त्या क्षणभराच्या घोटाळ्यात ठोसा लागतो. तुमच्याहून कमी अनुभवाचा सतरा वर्षांचा मुलगा तुम्हाला मारतो, कारण त्याच्याकडे मोडायला जुनी सवय नाही. आपण कच्चे होतो, असा त्याचा अर्थ काढू नका. किती काळ लागेल, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. माझ्या पाहण्यात नियमित येणाऱ्या मुलांना पाय बसायला तीन-चार महिने आणि लढतीच्या ताणातही ते टिकायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांतील स्पॅरिंगला कसोटी मानू नका. प्रत्येक फेरीपूर्वी एकच उद्दिष्ट ठरवा, उदाहरणार्थ, "या फेरीत जॅबनंतर दर वेळी डावीकडे निघायचे", आणि तेवढे झाले का ते पाहा. ठोसे किती बसले याचा हिशोब त्या दिवशी ठेवू नका.

पॅड धरत नाहीत, हा तुमचा सल मला समजतो. जुने सर संध्याकाळी पाच-दहा मिनिटे तुमच्यासाठी पॅड धरत, तेव्हा ते तुमच्याकडे लक्ष देतात हे तुम्हाला कळत असे. त्या पद्धतीत शिष्याशी नाते पॅडवर जुळते. सोव्हिएत वळणाच्या शिकवणीत बहुतेक काम जोड्यांनी चालते: एकाने ठरवून दिलेला हल्ला करायचा, दुसऱ्याने ठरवून दिलेला बचाव आणि प्रतिहल्ला करायचा; मग हळूहळू बंधने सैल करत स्पॅरिंगपर्यंत जायचे. यामागचा विचार असा की, पॅड धरणारा प्रशिक्षक ठोशाची वेळ आणि जागा स्वतःच पुरवतो, जोडीदार मात्र ती पुरवत नाही. ती हेरावी लागते. मला स्वतःला दोन्हीची गरज वाटते. ठोशाचा आकार पॅडवर लवकर सुधारतो, वेळ साधणे मात्र जोडीदारासमोरच येते. जोडीच्या सरावात प्रशिक्षक लांब उभे राहून सगळ्यांना पाहत असतात. ते तुमच्याकडे पाहतच नाहीत असे समजू नका. तरीही तुमचा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) बिघडला आहे असे वाटत असेल, तर आठवड्यातून एकदा पॅडवर दोन फेऱ्या मिळतील का, असे विचारायला हरकत नाही.

येथे मी विचारण्याच्या मुद्द्यावर येतो, आणि माझ्या मते आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. आपण वस्तादांना उलट प्रश्न विचारत नाही. वस्तादांनी सांगितले, मान खाली घालून केले, ही आपली शिस्त, आणि तिने पिढ्यान् पिढ्या पैलवान घडवले आहेत. वस्ताद मुलाच्या घरचे असतात. त्याने जेवण केले का, झोप झाली का, गुडघा दुखतो का, हे चेहऱ्यावरून ओळखतात, म्हणून तेथे न बोलता चालून जाते. परदेशातून आलेल्या माणसाला हा चेहरा वाचता येत नाही. तुम्ही मान डोलावली की, समजले असा तो अर्थ घेतो आणि पुढचा धडा सुरू करतो. न समजता मान डोलावणे येथे आदर ठरत नाही. त्यामुळे प्रशिक्षकांची वाट चुकते.

विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. सराव चालू असताना सगळ्यांसमोर विचारू नका. सराव संपल्यावर, ते बँडेज गोळा करत असतील किंवा ग्लोव्ह्ज वाळत टाकत असतील तेव्हा जवळ जा आणि एकच प्रश्न विचारा. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत लांब वाक्ये जुळवण्यापेक्षा अंगाने दाखवा: एकदा तुम्ही करता तसे, एकदा त्यांनी सांगितले तसे, आणि विचारा, "असे, की असे?" हात-पाय हीच तुमच्या दोघांची सामाईक भाषा आहे. "जोडीदाराने माझा जॅब हाताने झटकला तर पुढे काय?" असा लढतीतला प्रश्न विचारलात तर तुम्ही विचार करून खेळता हे त्यांच्या ध्यानात येईल. "हे का करायचे?" असा नुसता प्रश्न भाषेच्या अडचणीमुळे तक्रारीसारखा ऐकू जातो, म्हणून तो टाळा. जिममध्ये हिंदी चांगली समजणारा एखादा सहायक प्रशिक्षक असेल, तर महिन्यातून एकदा त्याला मध्ये घेऊन निवांत बोला आणि तुमची पुढची स्पर्धा केव्हा आहे, तोवर ते तुमच्यात काय बदलू इच्छितात, हे विचारून घ्या. एक वही ठेवा. तीत त्या दिवशीचा सराव, मिळालेली सूचना आणि ती कोणत्या अंतरासाठी होती, एवढे तीन ओळींत लिहा. कौतुकाची वाट पाहू नका. ज्या दिवशी ते तुमची चूक दाखवायला थांबत नाहीत आणि तुमची जोडी अधिक चांगल्या मुलाशी लावतात, त्या दिवशी ते तुमच्यावर खूश आहेत असे समजा.

दोन्हीकडे जाण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवला आहे: सकाळी जुन्या सरांकडे, संध्याकाळी नव्या जिममध्ये. निदान या काळात तसे करू नका. नव्या पायांचा सराव करून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी जुन्या अंतरावर जोरात स्पॅरिंग करतो, तेव्हा ताणाखाली शरीर जुनी सवय निवडते आणि आदल्या दिवसाचे काम धुऊन निघते. मात्र जुने सगळे विसरायचे, असे मी म्हणत नाही. ६० किलो गटात जवळून बरगडीवर मारण्याची तुमची ताकद हे दुर्मीळ हत्यार आहे. लांबचे अंतर तुमच्या ताब्यात आले की, आत केव्हा शिरायचे हे तुम्ही ठरवाल; आज ते समोरचा ठरवतो. त्या वेळी, एखाद्या चांगल्या स्पॅरिंगमध्ये जॅबच्या आडून आत शिरून तो हुक प्रशिक्षकांना दाखवा. जाणता प्रशिक्षक तो फेकून देणार नाही, त्याला जागा करून देईल.

व्यायामाबद्दल थोडेच. जोर आणि बैठका सोडू नका, पण शेकड्यांनी बैठका मारून त्याच संध्याकाळी पायांच्या सरावाला गेलात तर मांड्या जड होतात आणि डोलणे जमत नाही. बैठका कमी करा, दोरीवरच्या उड्या वाढवा, मानेचा व्यायाम आहे तसाच चालू ठेवा. तालमीने दिलेली जाड मान बॉक्सरला आयुष्यभर उपयोगी पडते. रंकाळ्याभोवतीच्या रोजच्या संथ धावेपैकी काही दिवस तीन मिनिटे वेगात आणि एक मिनिट सावकाश असे धावा, कारण लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि मध्ये विश्रांती मिनिटाचीच असते.

काही गोष्टींशी मात्र जुळवून घ्यायचे नाही, मग प्रशिक्षक कोठलेही असोत. डोक्याला मार बसल्यावर डोके दुखणे, मळमळणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले, तर त्या दिवशी सराव तेथेच थांबला पाहिजे आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्पॅरिंग पुन्हा सुरू होता कामा नये. स्पर्धेत डोक्यावरील ठोशांमुळे लढत थांबवली गेली तर बॉक्सरला किमान ३० दिवस लढण्यास मनाई असते. जिममध्ये घडलेल्या प्रसंगालाही हाच धडा लावावा. स्पॅरिंगला माउथगार्ड, हेडगार्ड आणि स्पर्धेच्या ग्लोव्ह्जपेक्षा जड, १४ किंवा १६ औंसांचे ग्लोव्ह्ज असलेच पाहिजेत. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडायला किंवा प्लॅस्टिक अंगावर घालून धावायला सांगितले तर स्पष्ट नकार द्या. नाव माहीत नसलेली गोळी किंवा इंजेक्शन कोणीही दिले तरी घेऊ नका. बंदी असलेले औषध शरीरात सापडले तर त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. तुमच्या पत्रात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, उलट हलके स्पॅरिंग आणि संथ सराव आहे, आणि म्हणूनच मला ते प्रशिक्षक विचारी वाटतात. पण एखाद्या दिवशी चित्र बदलले, तर पद्धत समजून घेण्याच्या नादात तेथे थांबून राहू नका.

राहता राहिले जुने सर. तुम्ही त्यांना सांगून गेला नाहीत, त्यांना दुसऱ्या मुलांकडून कळले, असे तुम्ही लिहिले आहे. ते अधिक दुखावले आहेत ते यामुळे असावेत. फोनवर किंवा निरोपाने हे काम करू नका. त्यांच्या जिमची वेळ संपताना स्वतः जा, पाया पडा, आणि काय शिकायला गेला आहात ते साध्या शब्दांत सांगा: लांबून लढणे मला जमत नव्हते, तेथे रिंग आहे आणि त्याच कामासाठी माणूस आहे. त्यांच्या पद्धतीवर एक शब्दही काढू नका, आणि नव्या प्रशिक्षकांचे गोडवेही गाऊ नका. बहुतेक जुनी माणसे रागावतात ती आपला मुलगा गेला म्हणून, आपली पद्धत गेली म्हणून नव्हे. मुलगा दारात आला की राग निम्मा होतो. अधूनमधून तुमच्या लढतींचे चित्रीकरण त्यांना दाखवा. तुमचे जुने दोष त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाहीत, आणि हुकनंतर तुमचा उजवा हात खाली पडतो की नाही हे ते पहिल्याच फेरीत सांगतील.

स्पर्धेच्या दिवशी मात्र तुमच्या कोपऱ्यात आवाज एकाचाच असावा. फेऱ्यांमधल्या मिनिटात श्वास सावरणे, पाणी, चेहऱ्यावरची सूज पाहणे यांतून सूचनेला पंधरा-वीस सेकंदच उरतात, आणि तेवढ्यात "लांब राहा" आणि "घुस आत" असे दोन्ही कानांत पडले तर पुढची फेरी गेलीच. म्हणून येत्या स्पर्धेपूर्वीच दोघांशी बोलून ठरवा: कोपऱ्यात नवे प्रशिक्षक राहतील, जुन्या सरांना प्रेक्षकांत पुढच्या रांगेत जागा धराल, आणि ते काय पाहतील ते लढत संपल्यावर, सगळे मिळून चहाला बसल्यावर ऐकाल. पहिली एखादी स्पर्धा पदकाच्या हिशोबात धरू नका, हे घरीही आधीच सांगून ठेवा.